पिवळा सेल म्हणजे सप्लायर फोनवर हो म्हणालाय

एक टूल नव्याने डिझाइन करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मीटिंगमध्ये एकच वाक्य होतं, "टूल फार जुनाट दिसतंय, जरा मॉडर्न करून दे." बास. मी पण मान डोलावली, कारण टूल खरंच जुनाट दिसत होतं, करड्या रंगाची बटणं, इवलुसे फॉन्ट, आणि सेव्ह केलं की सगळं पान पुन्हा लोड होऊन तुम्ही परत पहिल्या ओळीवर. रिटेलवाल्यांचं आतलं टूल आहे, एका बाजूला बायर म्हणजे दुकानांसाठी माल घेणारी टीम आणि दुसऱ्या बाजूला माल देणारे सप्लायर, मध्ये ऑर्डर. यात काय अवघड असणारे, असं मला वाटलेलं. पुढचे कित्येक महिने या एका वाक्याने माझी जी जिरवली ते लिहून ठेवावं म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्याच आठवड्यात एका सीनिअर बायर मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं असं ठरवून. त्यांच्यासमोर दोन मॉनिटर, डावीकडे आमचं टूल आणि उजवीकडे एक्सेल. दोन तासांत त्यांनी डावीकडे मोजून चार वेळा बघितलं. बाकी सगळं उजवीकडे. आणि ती शीट म्हणजे रंगपंचमी हो! पिवळे सेल, केशरी सेल, काही ठिकाणी निळी अक्षरं, एक दोन ओळी लालभडक. शेवटी न राहवून विचारलंच, मॅडम हे रंग काय आहेत.

"पिवळा म्हणजे सप्लायर फोनवर हो म्हणालाय पण लेखी आलेलं नाही. केशरी म्हणजे कमी देतो म्हणतोय, घ्यायचं का ते मी ठरवलेलं नाही. निळी अक्षरं म्हणजे तारीख पुढे गेली."

आणि लाल?

"लाल विचारू नकोस."

मग टूलमध्ये काय दिसतं म्हणून डावीकडे बघितलं तर त्या सगळ्या ऑर्डरींवर एकच स्टेटस. "सेंट". म्हणजे पाठवली. पिवळी पण सेंट, केशरी पण सेंट, लाल पण सेंट. आणि माल आला की "क्लोज्ड". या दोन शब्दांच्या मध्ये जे पाच सात आठवडे जातात, ज्यात यांचं खरं काम चालतं, त्याचा टूलला पत्ताच नाही. ते सगळं एक्सेलमध्ये, फोनवर, मेलच्या लांबलचक साखळ्यांत आणि मॅडमच्या डोक्यात. मॅडम सुट्टीवर गेल्या की पिवळं काय आणि केशरी काय हे सांगणारं कोणी नाही.

त्या दिवशी माझ्या वहीत मी लिहिलं की ऑर्डर ही वस्तू नाहीये, बोलणं आहे. एक म्हणतो ५०० द्या, दुसरा म्हणतो ४०० देतो, पहिला म्हणतो बरं पण मग तारीख तरी पाळा, दुसरा म्हणतो बघतो. आमचं टूल यातलं फक्त पहिलं वाक्य जपून ठेवत होतं.

गंमत म्हणजे हे जगाला फार आधी कळलेलं आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये मशीन ते मशीन ऑर्डरी पाठवायची जी पद्धत आहे, ईडीआय, तिचं अमेरिकेतलं एक्स१२ स्टँडर्ड बनवणारी कमिटी १९७९ सालची. त्यात ऑर्डर पाठवायला ८५० नंबरचा मेसेज, सप्लायरचं उत्तर यायला ८५५, बायरला ऑर्डर बदलायची तर ८६०, त्या बदलावर सप्लायरचं उत्तर ८६५, माल निघाला की ८५६, बिल ८१०. आणि ८५५ मध्ये नुसतं हो किंवा नाही नसतं, एकेका ओळीला वेगळं उत्तर देता येतं, ही ओळ मान्य, ही मान्य पण संख्या बदलून, ही किंमत बदलून, हिची तारीख सरकवून, ही बॅकऑर्डरवर म्हणजे आत्ता माल नाही, आला की देतो, ही नाकारली. म्हणजे मॅडमची रंगपंचमी तिथे कोडमध्ये लिहून ठेवलेली आहे! मी ते वाचत बसले तेव्हा आमचा डेव्ह, म्हणजे डेव्हलपर, म्हणाला अगं हे फार जुनं आहे, हे कशाला वाचतेस. म्हटलं जुनं आहे म्हणूनच. आमच्या मोठ्या सप्लायरांकडे ईडीआय होतंच, त्यांची ८५५ रोज येत पण होती, फक्त टूल ती घेऊन एका लॉगमध्ये टाकायचं आणि स्क्रीनवर काहीच दाखवायचं नाही. कोणी मागितलंच नव्हतं.

आता एवढं सगळं कळल्यावर मी काय केलं असेल? मी कार्डं बनवली. हो. प्रत्येक ऑर्डरचं एक सुंदर कार्ड, भरपूर मोकळी जागा, गोल कोपरे, वर प्रॉडक्टचा फोटो, खाली प्रोग्रेस बार. रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी वाहवा केली. मॅडमना दाखवलं तर त्यांनी थोडा वेळ स्क्रोल केलं, परत वर आल्या, परत खाली गेल्या, आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण माझ्या ऑर्डरी कुठे गेल्या?"

जुन्या कुरूप स्क्रीनवर एका नजरेत जवळजवळ चाळीस ओळी दिसायच्या. माझ्या कार्डांत सहा. त्यांना एक ऑर्डर नीट बघायची नसते, त्यांना चाळीसमधली गडबडलेली एक शोधायची असते, आणि ती शेजारच्या ओळींच्या तुलनेतच सापडते. फोटोची तर त्यांना काहीच गरज नाही, तो माल त्या वर्षानुवर्षं घेतायत, त्यांना कोड पाठ आहेत. मोकळी जागा म्हणजे माझ्या डोळ्यांना शांतता आणि त्यांच्या बोटांना स्क्रोल. कार्डं फेकली. परत टेबल. दाट टेबल, पण नीट केलेलं, आकडे उजवीकडे लावलेले आणि सगळे अंक सारख्या रुंदीचे म्हणजे एकं खाली एकं येतं, डावीकडचे दोन कॉलम जागेवर पक्के, आणि कीबोर्डने सगळं चालतं. एंटर मारला की खालच्या ओळीत, टॅब मारला की पुढच्या कॉलममध्ये, आणि एक्सेलमधून एक पूर्ण कॉलम उचलून इथे पेस्ट करता आला पाहिजे. हे शेवटचं आमच्या पीएमला, म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरला, पटेना, म्हणे आपल्याला एक्सेल बंद करायचंय ना. म्हटलं बंद करायचं असेल तर आधी एक्सेलएवढं तरी चालायला हवं ना भाऊ.

रंगांबद्दल एक छोटी गोष्ट. मी आधी मॅडमचेच रंग उचलले होते, पण टीममधल्या एका बायरला लाल हिरव्यातला फरक नीट दिसत नाही हे टेस्टिंगमध्ये कळलं, तो इतकी वर्षं दुसऱ्याच्या शीटमधले रंग चक्क विचारून घ्यायचा. तेव्हापासून रंगाबरोबर शब्द सक्तीचा.

नग आणि बॉक्स. हा विषय निघाला की मला अजून पोटात गोळा येतो. जुन्या टूलमध्ये संख्येचा एक कॉलम होता आणि त्याच्यावर नुसतं "संख्या" असं लिहिलेलं. कशाची संख्या? बायरच्या डोक्यात नग. सप्लायरच्या डोक्यात बॉक्स, कारण त्याच्या गोदामातून सुटा नग निघतच नाही. पायलटच्या, म्हणजे चाचणीच्या, काळात एका ऑर्डरमध्ये ४८ लिहिलं होतं, बॉक्समध्ये १२ नग बसतात, म्हणजे बायरला चार बॉक्स हवे होते. आले ४८ बॉक्स. ५७६ नग. गोदामवाल्यांचा फोन आला की हे ठेवायचं कुठे, आणि कोणीच चुकलेलं नव्हतं, दोघांनी एकच आकडा वाचला होता. आणि वाईट म्हणजे तोपर्यंत नवीन डिझाइन लागलेलं होतं आणि त्यातही मी तो कॉलम तसाच ठेवला होता, फॉन्ट तेवढा बदलून. खरं तर सुट्या नगाचा आणि बॉक्सचा जीटीआयएन, म्हणजे बारकोडमधला मालाचा नंबर, वेगळा असतो, नगावर सहसा १३ आकडी आणि बॉक्सवर बऱ्याचदा १४ आकडी, पण आमच्या ऑर्डरवर फक्त नगाचाच कोड जायचा, त्यामुळे तिथेही कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

आता तिथे पूर्ण वाक्य दिसतं, "४ बॉक्स × १२ = ४८ नग". थोडी जागा जास्त खातं, खाऊ दे. आणि कोणी ५० टाकलं तर टूल गुपचूप ४८ किंवा ६० करत नाही, विचारतं, कारण गुपचूप आकडा बदलणारं टूल एकदा पकडलं गेलं की लोक त्याच्यावर परत कधीच विश्वास ठेवत नाहीत, मग प्रत्येक आकडा एक्सेलमध्ये ताडून बघतात आणि आपण होतो तिथेच.

तारखांचं तसंच. डिलिव्हरी डेट म्हणजे कुठली? सप्लायरच्या दारातून माल निघायची, गोदामात पोचायची, का गोदामाने गाडी रिकामी करायला दिलेला स्लॉट? तीन माणसं तीन अर्थ घेतात. वर ०४/०५ असं लिहिलं की काहींना ती चार मे वाटते आणि काहींना पाच एप्रिल. आता महिना अक्षरांत आणि तारखेच्या डोक्यावर "निघणार" किंवा "पोचणार". एवढंच. यावर डिझाइन म्हणून दाखवण्यासारखं काहीही नाही, पोर्टफोलिओत टाकता येत नाही, पण सपोर्टवाल्या मुलीने मला मेसेज करून थँक्यू म्हटलं.

एक्सेलचं अजून एक, कारण यात माझे चार दिवस गेले. सप्लायर आमच्याकडून फाइल उतरवायचे, भरून परत चढवायचे आणि निम्म्या ओळी रिजेक्ट. कारण काय तर बारकोड. एक्सेलला १३ आकडी कोड हा आकडा वाटतो, तो त्याचं शेपटीला "ई+१२" लावलेलं छोटं रूप करून दाखवतो, आणि सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराची फाइल म्हणून सेव्ह केलं की जे दिसतं तेच सेव्ह होतं, म्हणजे मागचे आकडे गेले. सुरुवातीला शून्य असेल तर ते आधीच उडालेलं. पॅलेटवरच्या लेबलचा नंबर, एसएससीसी, तर १८ आकडी, एक्सेल १५ आकड्यांच्या पुढे अचूक धरतच नाही, पुढचे शून्य करून टाकतो. आमचं टूल यावर काय म्हणायचं, तर "अवैध इनपुट, ओळ २१२". बिचारा सप्लायर ओळ २१२ उघडून बघतो तर त्याला सगळं बरोबरच दिसतंय. आता आम्ही खरी एक्सेल फाइलच देतो ज्यात तो कॉलम आधीच टेक्स्ट केलेला असतो, आणि तरी गडबड झालीच तर मेसेज सांगतो की बारकोड एक्सेलने बदललेला दिसतोय, मूळ फाइल इथून परत घ्या.

या सगळ्यात सप्लायर म्हणजे माझ्यासाठी फक्त एक शब्द होता हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आतलं टूल म्हणून आम्ही आतल्याच लोकांशी बोलत होतो. शेवटी एका लहान सप्लायरबरोबर व्हिडिओ कॉल केला, म्हटलं ऑर्डर आल्यावर काय करता ते दाखवा. त्यांनी कॅमेरा फिरवला. भिंतीवर एक बोर्ड, त्यावर टाचण्यांनी लावलेल्या प्रिंट काढलेल्या ऑर्डरी, आणि शेजारी एक वही. वहीच्या मागच्या पानावर पासवर्ड. कितीतरी पासवर्ड. कारण ते ज्या ज्या रिटेलरला माल देतात त्या प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं पोर्टल आहे, आणि प्रत्येकाला वाटतं आमच्या पोर्टलमध्ये रोज सकाळी लॉगिन करावं. ते म्हणाले, "तुमचं बरंय हो, तुमचं एकच आहे." मला लाजल्यासारखं झालं.

त्यांच्यासाठी मग वेगळंच काहीतरी करावं लागलं. मेलमध्ये लिंक, मोबाइलवर उघडते, बघायला पासवर्ड नाही, उत्तर देताना ओटीपी. सिक्युरिटीवाल्यांशी यावर तीन मीटिंग झाल्या, त्यांचंही बरोबर होतं, लिंक फॉरवर्ड होऊ शकते, म्हणून लिंक काही दिवसांनी मरते आणि किंमती ओटीपीशिवाय दिसत नाहीत. पानावर वर एक मोठं बटण, "सगळं मान्य". खाली ओळी, प्रत्येक ओळीवर संख्या किंवा तारीख बदलता येते. बास. डॅशबोर्ड नाही, ग्राफ नाही. डॅशबोर्ड द्यायचा हट्ट आमच्याकडे वरच्या एका साहेबांचा होता, त्यांना मी बोर्डवरच्या टाचण्यांचा स्क्रीनशॉट दाखवला.

मग स्टेटसचा प्रश्न. मी उत्साहाच्या भरात सतरा स्टेटस काढले होते. सतरा! मॅडमनी यादी वाचली आणि म्हणाल्या मला एवढंच सांग की आता मी काही करायचंय का नाही. मी घरी जाताना तेच वाक्य घोळवत होते. दुसऱ्या दिवशी सतरा स्टेटस आत डेटाबेसमध्ये ढकलले आणि स्क्रीनवर एकच कॉलम ठेवला, त्याचं नाव "पाळी". पाळी तुमची, पाळी सप्लायरची, पाळी गोदामाची. आणि किती दिवसांपासून. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मला खरा अभिमान वाटावा असा हा एकच कॉलम. सकाळी टूल उघडलं की आपली पाळी असलेल्या ओळी वर, बाकीच्यांकडे बघायचं कारण नाही. (नावावरून मीटिंगमध्ये एक दोघं हसले, ते हसणं मी ऐकलं नाही असं दाखवलं, नाव तेच राहिलं.)

पाळीबरोबर दुसरी गोष्ट आपोआप आली, बदल दाखवणं. ओळ उघडली की जुना आकडा खोडलेला, नवा शेजारी, कोणी बदलला आणि कधी. आणि दोघांनी एकाच वेळी बदल केला तर? जुन्या टूलमध्ये जो शेवटी सेव्ह करेल तो जिंकायचा, पहिल्याला कळायचंही नाही. आता दुसऱ्याला अडवतो, तुम्ही तिसरी आवृत्ती बघताय, समोरून चौथी आलीय, हे दोन्ही बघा आणि ठरवा. डेव्हला हे करायला फार वेळ लागला आणि दिसायला ती एक पिवळी पट्टी आहे.

आणि आता माझी मोठी चूक. "शेरा" नावाचा एक कॉलम होता, मी म्हटलं बोलणं आहे ना, मग शेरा दोन्ही बाजूंना दिसू दे, तेवढेच मेल कमी होतील. बायरना आम्ही डेमोत सांगितलं पण होतं. पण वर्षानुवर्षांची सवय. दुसऱ्याच दिवशी एका बायरने शेऱ्यात लिहिलं, "हा नेहमी उशीर करतो, १० दिवस जास्त धरून चाला." आणि ते त्या सप्लायरच्या मोबाइलवर गेलं. तासाभरात फोन. मी त्या बायरच्या शेजारीच उभी होते, त्यांचा चेहरा उतरलेला आणि ते फोनवर "नाही हो, तसं नाही, अहो तसं नाही" एवढंच म्हणत होते. संध्याकाळी तो कॉलम आम्ही फोडून दोन केले. आतला शेरा आणि सप्लायरला जाणारा शेरा, दुसऱ्याला वेगळी पार्श्वभूमी आणि बटणावर "सेव्ह" नाही तर "सप्लायरला पाठवा". तरीही लोक कित्येक आठवडे शेरा लिहायलाच घाबरत होते. ते माझ्यामुळे.

रोलआउटबद्दल फार सांगण्यासारखं नाही, जसं होतं तसंच झालं. एक्स्पोर्टचं बटण पीएमने काढायला लावलं होतं, तीन दिवसांत परत लावलं. अकाउंट्सवाले खूश झाले ते मात्र मला अनपेक्षित होतं, त्यांचं काम म्हणजे ऑर्डर, गोदामाची पावती आणि बिल हे तिन्ही जुळवायचं, आणि बदल कुठे झाला ते आता ओळीवरच दिसत असल्याने त्यांचे अर्धे फोन वाचले. मी त्यांच्याशी पूर्ण प्रोजेक्टमध्ये एकदाही बोलले नव्हते.

परवा परत मॅडमच्या शेजारी जाऊन बसले. डाव्या मॉनिटरवर टूल, पाळीचा कॉलम वर लावलेला. उजवीकडे एक्सेल! मला धस्स झालं. पण शीटमध्ये रंग नव्हते. सप्लायरचे कोड आणि त्याच्यापुढे एक आकडा, इतकंच. विचारलं हे काय. म्हणाल्या, हा ५०० हो म्हणतो आणि ४२० देतो, म्हणून मी त्याला ६०० सांगते. हा मात्र बोलतो तेवढं देतो. माल कमी मिळणार असं वाटलं की माणूस जास्त मागतो, हे नवीन नाही, ऑर्डरी साखळीत मागे मागे फुगत जातात त्याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात आणि ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्ये त्याची जी चार कारणं मांडली त्यातलं एक हेच आहे. मी वाचलेलं होतं. समोर कॉलम म्हणून पहिल्यांदा बघत होते.

डिझायनरची खोड, तोंडातून निघालंच, मॅडम हे टूलमध्येच घेऊया का, आपोआप काढता येईल, आत्तापर्यंत किती मागितलं किती आलं सगळा डेटा आहे आपल्याकडे, आतल्या शेऱ्यासारखं ठेवू, सप्लायरला दिसणार नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शीट मिनिमाइज केली.

"आतला शेरा म्हणालीस ना मागे पण? राहू दे. हे माझ्याकडेच असू दे."

मी बरं म्हटलं आणि वही बंद केली.